घुगरीसाहेबांनी बांधलेली मोकळी जागा

चन्नवीर घुगरी यांना मी फारसं ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या आईवडिलांची नावं मला माहीत नाहीत. रागावले की घरी ते काय करत, त्यांना गोड आवडे की तिखट, मुलीच्या लग्नात ते रडले की नाही, यातलं काहीच मला सांगता येणार नाही. त्यांच्या घरी मी एकदाच गेलो. ते नेसरीकडचे होते, घरात कानडी आणि मराठी दोन्ही बोलत, आणि आमच्या कॉलेजात इंजिनीअर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली, हे सगळ्यांना माहीत असलेलंच मला माहीत आहे. गेल्या हिवाळ्यात नेसरीला भावाच्या घरी ते झोपेतच गेले.

कॉलेजच्या वार्षिक अंकात त्यांच्याविषयी काही यावं असं ठरलं, तेव्हा प्राचार्य इरावती मॅडमनी मला बोलावलं. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं कपाटात नीट लावायचं, एवढंच काम मी ग्रंथालयात आयुष्यभर केलं. मॅडम म्हणाल्या, "वाहनतळाच्या वेळी त्यांच्याबरोबर तुम्हीच होता ना? मग तेवढंच लिहा." म्हणून तेवढंच लिहितो. चुकलं तर मॅडम बघून घेतील.

इंजिनीअर म्हटलं की लोकांना पूल आणि धरणं आठवतात. घुगरीसाहेबांच्या वाट्याला गळती आली. ते नोकरीला लागले तेव्हा कॉलेजच्या इमारती बांधून झाल्या होत्या. पुढे एकच नवी उभी राहिली, तिचं काम बाहेरच्या मोठ्या लोकांना गेलं. तिची गळती मात्र साहेबांकडेच आली. प्रयोगशाळेची तुंबलेली मोरी, वसतिगृहाची फुटलेली पाइप, सभागृहाच्या पत्र्यांचे आवाज, हे सगळं त्यांचं. माझी त्यांची तोंडओळख झाली ती ग्रंथालयाच्या पश्चिमेकडच्या भिंतीमुळे. उन्हाळा संपत आला की ते यायचे, भिंतीवरून तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, "काका, औंदा बी पावणी येणार बघा."

पावणी म्हणजे ओल. ती यायचीच.

गेटवरचा पिराजी सांगायचा की गावाकडचे पाहुणे आले की साहेबांची पंचाईत व्हायची. पाहुणे एवढ्या मोठ्या इमारती बघायचे आणि विचारायचे, "चन्नवीर, ह्यातलं तू काय बांधलंस?" साहेब त्यांना जिने चढवून गच्चीवर न्यायचे, एक कोपरा दाखवायचे आणि सांगायचे, "हितनं पाणी गळत हुतं. आता गळत न्हाय." पाहुणे त्या कोपऱ्याकडे थोडा वेळ बघायचे. काय बघायचं ते त्यांना कळायचं नाही. मग "बरं, बरं" म्हणून खाली उतरायचे.

पिराजी हे हसत सांगायचा. साहेबांसमोरही सांगायचा आणि साहेबही हसायचे. पण एकदा वर्तमानपत्राच्या टेबलावर माझ्यासमोर बसले असता ते सहज म्हणाले, "रिटायर व्हायच्या आधी एक तरी काय तरी उभं करायला पायजे हुतं." मी मान हलवली. मला वाटतं, त्यांच्या मनातलं मला कळलेलं तेवढंच.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रोज सकाळी ग्रंथालयात पेपर वाचायला जातो. वाहनतळ समिती नेमली तेव्हा मॅडमनी मलाही तीत घातलं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "सगळे बोलणारेच आहेत. कुणीतरी ऐकणारं नको का?"

समितीची गरज होतीच. कोल्हापुरात घरटी दोन गाड्या, आणि प्रत्येकाला गाडी दाराशीच लावायची असते. वर्गाच्या पायरीला चाक टेकलं म्हणजे गाडी नीट लागली. कॉलेजात एका इमारतीकडून दुसरीकडे जायचं तर हँडलांमधून अंग चोरून जावं लागे. एकदा परीक्षेच्या दिवशी एका मुलीला चक्कर आली आणि रिक्षा काही केल्या आत येईना. शेवटी तिला खुर्चीवर बसवून चौघांनी गेटपर्यंत उचलून नेलं. मुलगी बरी झाली, पण मॅडमनी ते मनाला लावून घेतलं.

पहिल्या सभेत संस्थेचे अध्यक्ष उदयसिंहदादा म्हणाले, "घुगरी, मागची मोकळी जागा हाय, तिथं काय तरी करा. पण आधी गाड्या किती येत्यात ते मोजा. न्हाय तर मागनं म्हणशीला, दादांनी अंदाजानं सांगिटलं."

मोजायला दिवस नेहमीसारखा हवा होता. परीक्षा नको, सुट्टी नको, गावात मोर्चा नको. दादांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मांडीवर घेतलं, अमावस्या बघितली, लग्नाच्या तिथी बघितल्या आणि एका तारखेवर बोट ठेवलं. "ह्यो घ्या. ह्या दिवशी काय बी न्हाय."

तेव्हा खरंच काही नव्हतं.

त्या दिवशी सकाळी पेपर वाचून मी नेहमीप्रमाणे घरी गेलो. मॅडम पुण्याला बैठकीला होत्या. दादांनी निरोप पाठवला होता की ते कामात आहेत. समितीतले दोन प्राध्यापक अर्ध्या रजेवर गेले. घुगरीसाहेब कामाला हजर होते, पण दुपारी वसतिगृहाची पाइप फुटली आणि ते संध्याकाळपर्यंत टाकीवर अडकले. मोजणी केली ती राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी. त्यांना सांगितलं होतं, आवारात चाक दिसेल ते मोजा. त्यांनी इमानेइतबारे सगळं मोजलं.

आकडा आला तो आमच्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट.

पुढच्या सभेत दादांनी तो आकडा दोनदा वाचला. "बाबो! एवढ्या गाड्या? कॉलेज हाय का आरटीओ?" मग मागे रेलून म्हणाले, "मग साध्या मैदानानं न्हाय भागायचं. मजले चढवा. तीन मजली करा. आणि बाहेरचा कोण नको, आपला माणूस हाय की. काय घुगरी, करशीला?"

टेबलावरचा पाण्याचा ग्लास घुगरीसाहेबांनी उगाच एका बाजूचा दुसऱ्या बाजूला ठेवला. मग म्हणाले, "करू की."

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी त्यांना जसं पाहिलं तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. शर्ट इस्त्रीचा असायचा. पेपरच्या टेबलावर येऊन ते माझ्यासमोर कागद पसरायचे आणि गाडी वर कशी चढेल, वळण किती रुंद हवं, स्लॅबवरचं पाणी कुठून उतरेल ते समजावायचे. मला अर्धंच समजायचं. त्यांची मुलगी विद्याश्री बेळगावला आर्किटेक्ट आहे, तिनं नकाशे करून दिले आणि पुठ्ठ्याची एक सुबक प्रतिकृतीही बनवून पाठवली. लहानसे खांब, लहानसा उतार, दुसऱ्या मजल्यावर चिकटवलेली खेळण्यातली एक लाल मोटार. मॅडमच्या ऑफिसात ती ठेवली होती. साहेब काहीतरी निमित्त काढून तिथे जायचे आणि येताजाता तिच्यावरची धूळ फुंकायचे.

नेसरीत ते कुणाकुणाला सांगून आले होते. भूमिपूजनाला बस करून येणार होती म्हणे माणसं.

त्याच दिवसांत त्यांनी मला जेवायला घरी नेलं. त्यांच्या मंडळींनी, गौराबाईंनी, भाकरी आणि झुणका केला होता. जेवता जेवता साहेब उताराबद्दल बोलत होते, तर गौराबाई मला म्हणाल्या, "काका, जन्मभर दुसऱ्याची गळती काढली ह्यांनी. आमच्या न्हाणीतला नळ तेवढा राहिलाय. त्याला बी एक समिती नेमा की."

"बगतो म्हटलंय न्हवं," साहेब म्हणाले.

"कवा म्हटलासा? विद्याश्री शाळंत असताना."

त्या घरात मला फार बरं वाटलं. आतून नळ टपटपत होता आणि बाहेर आम्ही तीन मजली इमारतीबद्दल बोलत होतो.

मग ती दुपार आली. ती मी पाहिली नाही, पण साहेबांनी आणि पिराजीनं वेगवेगळी सांगितली आणि दोन्ही जुळली, म्हणून लिहितो. साहेब काही सामान आणायला शाहूपुरीत गेले होते. परत आले तर गेटातून स्कूटर आत जाईना. आवार गाड्यांनी ठासून भरलेलं. तास संपून गेलेले, मुलं घरी गेलेली, तरी गाड्याच गाड्या. कितीतरी गाड्यांच्या आरशांना एकाच रंगाचे झेंडे बांधलेले.

"पिराजी, काय हाय रे हे?"

"मॅच हाय की साहेब! मैदानात गाडी लावायला जागा कुठली? आपल्या पेठंची पोरं हाईत, म्हटलं लावा हितंच. मॅच सुटली की जातील."

आमचं कॉलेज फुटबॉलच्या मैदानापासून चालत पाच मिनिटांवर आहे. पिराजी एका तालमीचा, म्हणजे तिच्या फुटबॉल संघाचा, कट्टर. त्याच्या संघाचा सामना असला की त्याचं गेट पेठेला उघडं असे, आणि विरुद्ध संघाच्या माणसाला तो ओळखपत्र विचारी.

साहेबांनी स्कूटर बंद केली. "असं दर मॅचला असतंय?"

"मोठी मॅच असली की असतंय."

"आम्ही गाड्या मोजल्या त्या दिवशी?"

पिराजी मोठ्यानं हसला. "त्या दिवशी तर फायनल हुती साहेब! त्या दिवशी मी सोडल्यात तेवढ्या गाड्या जन्मात सोडल्या नव्हत्या. पोरं मोजालती, मी म्हटलं मोजू द्यात, बघू देत आपली ताकद."

फायनलची तारीख आमची तारीख ठरल्यानंतर जाहीर झाली होती. नंतर ती सगळ्या गावाला ठाऊक होती. समितीतल्यांनाही होती, म्हणून तर कुणी कामात होतं आणि कुणी अर्ध्या रजेवर. पण फायनल आणि आपली मोजणी एकाच दिवशी आहे, हे दोन्ही एकत्र कुणाच्याही डोक्यात आलं नाही. घुगरीसाहेब नेसरीचे, त्यांना फुटबॉलचं काही नव्हतं. मला तर कशाचंच नसतं.

साहेब पिराजीच्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिले. पिराजीनं चहा मागवला. त्याला वाटलं, साहेबांना ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. ग्रंथालयात कुणीच नव्हतं, तरी हळू. शेवटी म्हणाले, "काका, खऱ्या गाड्या निम्म्या बी न्हाईत. तेवढ्या मागच्या जागंत जमिनीवरच मावतील. मजला लागतच न्हाय."

मी ऐकत होतो.

"हे मी कुणाला सांगिटलं न्हाय तर?"

मी काही बोललो नाही. एका बाजूला ती पुठ्ठ्याची इमारत माझ्या डोळ्यांसमोर येत होती, दुसऱ्या बाजूला रिकामे मजले. पेपरचं पान माझ्या हातात तसंच राहिलं.

थोड्या वेळानं ते उठले आणि म्हणाले, "तुम्ही गप बसलासा म्हंजे कळलं मला." माझ्या गप्प बसण्यातून त्यांना काय कळलं ते मला आजही माहीत नाही. ते त्यांना आधीच कळलेलं असावं.

त्याच आठवड्यात सभा झाली. प्रतिकृती टेबलाच्या मध्यभागी होती. भूमिपूजनाला कुणाला बोलवायचं त्यावर चर्चा सुरू होणार, तेवढ्यात घुगरीसाहेब उभे राहिले. आमच्या सभेत कुणी उभं राहत नाही, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्यांनी जे झालं ते सरळ सांगितलं.

दादांनी आधी मॅडमकडे बघितलं, मग साहेबांकडे. "घुगरी, कोल्हापूरचं पाणी पिऊन एवढी वरसं झाली आणि तुम्हाला फायनल कवा हाय ते ठावं न्हाय?"

"मला न्हवती ठावं दादा. तुम्हाला हुती तर तुम्ही का सांगिटलं न्हाय?"

"मी मॅचला गेलतो की!" दादा म्हणाले, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. आधी मॅडम हसल्या. अर्ध्या रजेवर गेलेल्या प्राध्यापकांनी खाली मान घालून हसू दाबलं. दादाही हसले, पण लगेच सावरून म्हणाले, "बरं, झालं ते झालं. जादा झाली इमारत तर बिघडलं काय? गाड्या काय कमी हुणार हाईत? आज न्हाय तर उद्या भरंल. मंजुरी झालीय, नकाशा झालाय, मॉडेल बी झालंय झकास. आणि तुमच्या हातनं एक काम हुतंय तर हू द्या की. कोण इचारणार हाय?"

मी साहेबांकडे बघत होतो. हवं ते त्यांच्यासमोर वाढून ठेवलं होतं, आणि वाढणारा माणूस मनापासून आग्रह करत होता. दादांच्या बोलण्यात खोट काहीच नव्हती, त्यांना साहेबांचं भलंच करायचं होतं. साहेबांनी त्या पुठ्ठ्याच्या वरच्या मजल्याला हलकेच बोट लावलं.

"दादा," ते म्हणाले, "वरचे दोन मजले मोकळे राहणार. मोकळा मजला म्हंजे कबुतरं. कबुतरं म्हंजे घाण, घाण म्हंजे पन्हाळी तुंबणार, पन्हाळी तुंबली की स्लॅबवर पाणी. मग गळती. माझ्या मागनं कोण तरी माझ्यासारखाच येणार आणि जन्मभर ती गळती काढत बसणार. काढता काढता म्हणणार, कुठल्या येड्यानं बांधलं हे? मला ते नको."

दादांनी प्रतिकृती जवळ ओढून तिचे वरचे मजले निरखले. मग म्हणाले, "पण मग तुमच्याकडं राहिलं काय? फक्की मारायचं काम?"

"व्हय," साहेब म्हणाले. "फक्की मारायचं."

फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड, खेळाच्या मैदानावर रेघा आखतात ती. साध्या दिवशी पुन्हा मोजणी झाली, आणि एका रविवारी साहेब, मी, पिराजी आणि बेळगावहून आलेली विद्याश्री असे आम्ही मागच्या जागेत रेघा आखायला जमलो. साहेबांचं म्हणणं, कागदावर सगळ्याच गाड्या शहाण्यासारख्या उभ्या राहतात, जमिनीवर आखून माणसांना लावायला सांगितलं की खरं काय ते कळतं.

विद्याश्री थोडी रुसलेली होती. टेप धरून ती म्हणाली, "अप्पा, माझ्या मॉडेलचं काय करायचं मग?"

"घरी घिऊन जायाचं. अव्वाला सांगितलंय, टीव्हीपाशी जागा कर म्हणून." अव्वा म्हणजे गौराबाई.

"तीन महिने मी रात्रीचा दिवस केला."

"मग काय वाया गेलं व्हय? रॅम्प काय झकास केलतीस!" असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर फक्कीचा हात ठेवला. ती ओरडली. तिच्या काळ्या केसांवर पांढरा पंजा उठला. तिथून पुढे तिचा रुसवा राहिला नाही.

आम्ही दुपारपर्यंत तिरक्या रेघा आखल्या. मी फक्कीचा डबा धरून मागे मागे चालत होतो. काम सुरेख दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेलो तर रेघा गायब. मागच्या कुंपणाला एक खिंडार होतं. गल्लीतल्या गवळ्याच्या म्हशी धुवायला नेताना रोज तिथून आत शिरत आणि मैदान तिरकं कापून पलीकडे निघत. सगळ्या जागेवर खुरांचे ठसे, आणि आमची पांढरी फक्की चार-पाच म्हशींच्या पायांना लागून रस्त्यावर दूरपर्यंत गेलेली.

"साहेब, पार्किंगचं उद्‌घाटन झालं," पिराजी म्हणाला.

मला वाटलं, साहेब चिडतील. ते खाली वाकून खुरांची वाट बघत होते. "ही जनावरं हितनंच का जात्यात?" त्यांनी विचारलं.

"जवळ पडतंय म्हणून," पिराजी म्हणाला.

साहेब त्या वाटेवरून स्वतः चालत गेले आणि परत आले. मग म्हणाले, "माणसं बी हितनंच जाणार. गाडी लावली की वर्गाकडं जायला हीच वाट जवळची." आमच्या पहिल्या नकाशात त्या वाटेवर गाड्यांची ओळ होती. ती त्यांनी उठवली आणि मधून एक रुंद मोकळा रस्ता ठेवला, गेटापासून थेट शेवटच्या इमारतीपर्यंत. रिक्षा आली तर आत येईल, आणि मुलांना पाय ओढत लांबून यावं लागणार नाही. दुसऱ्यांदा आखलेल्या तिरक्या रेघा मात्र उलट्या दिशेला झाल्या. आत येणाऱ्याला गाडी पूर्ण वळवून मागे घ्यावी लागत होती. पिराजीनं बोलावलेली पेठेतली पोरं गाड्या लावून बघताना शिव्या देऊ लागली तेव्हा ते कळलं. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि तिसऱ्यांदा आखलं. गवळ्याला पलीकडून वाट करून दिली, आणि खिंडार बुजवलं.

कुंपणालगतची करंजाची झाडं आधीच्या नकाशात जाणार होती. ती राहिली. त्यांच्याखाली एका टोकाला साहेबांनी एक लहानशी चौकट आखली आणि मला म्हणाले, "ही सायकलींची."

मी म्हटलं, "साहेब, कॉलेजात सायकल फक्त माझी येते."

"मग तुमची."

पावसाळ्याच्या आधी फरशीचे ठोकळे बसले, उतार झाला, कडेनं गटार झालं. उदयसिंहदादांनी नारळ फोडला. कोनशिला करून आणली होती, पण ती बसवायला भिंतच नव्हती, म्हणून ती अजून स्टोअरात आहे. नेसरीची बस आली नाही, पण सात-आठ माणसं आली होती, पटके-टोप्या घालून. साहेबांनी त्यांना मध्यावर नेऊन उभं केलं.

"हे मी बांधलं," ते म्हणाले.

पाहुण्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्यांच्यातले एक म्हातारे म्हणाले, "काय बांधलंस रे चन्नवीर? हितं तर मोकळंच हाय."

"तेच की मामा."

म्हाताऱ्यांना ते पटलं असं मला दिसलं नाही. पण पुढे पाऊस जोरात लागला, आणि एका सकाळी मी छत्री घेऊन आलो तर साहेब करंजाखाली उभे होते. पाणी उतारावरून गटाराकडे धावत होतं, फरशीवर कुठेही डबकं नव्हतं. मला बघून त्यांनी बोट दाखवलं. "थांबतंय का बघा कुठं." मी खरंच बघितलं. कुठे थांबत नव्हतं. आम्ही दोघं बराच वेळ ते पाणी जाताना बघत राहिलो. त्यांच्या चेहऱ्यावर मला कसलीही हळहळ दिसली नाही. असली तरी ती ओळखण्याइतका मी त्यांना ओळखत नव्हतो.

गौराबाईंनी नंतर सांगितलं की ती प्रतिकृती टीव्हीजवळ आहे आणि घरातलं मांजर तिच्या तळमजल्यात झोपतं. न्हाणीतला नळही साहेबांनी निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात बदलला.

निवृत्तीनंतर ते कॉलेजात अधूनमधून येत. शेवटचे आले ते दिवाळीनंतर. दुसऱ्या दिवशी ते नेसरीला जायचे होते, भावाकडे. ऑफिसातलं काम आटोपून ते नेहमीसारखे मागच्या बाजूला गेले, आणि मी त्याच वेळी आलो. आवार भरलेलं होतं. गाड्या तिरक्या रेघांत ओळीनं लागल्या होत्या, मधला रस्ता मोकळा होता आणि दोन मुली गप्पा मारत त्यावरून वर्गाकडे चालल्या होत्या. साहेबांनी एका कडेला पडलेला करंजाचा पाला पायानं गटाराच्या जाळीवरून बाजूला केला. तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

"काका, सायकल सावलीत लावलासा न्हवं?"

"लावली."

"कुलूप?"

"लावलं."

"मग झालं. येतो."

"या," मी म्हणालो.